मोटारीचा स्टार्टर : बदलण्यापूर्वी आणि बदलताना

मोटारीची चावी फिरवली, की ‘घर्र्’ असा आवाज होतो आणि दुसऱ्याच क्षणी इंजिन बोलू लागते. हा मधला क्षण इतका लहान, की तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते चावी फिरवूनही काहीच घडले नाही म्हणजे. ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि मग सगळे शांत. भोवती माणसे जमतात. एकजण म्हणतो बॅटरी उतरली, दुसरा म्हणतो स्टार्टर गेला आणि तिसरा काही न बोलता धक्का द्यायला मागे जाऊन उभा राहतो. आज आपण या स्टार्टरचा विचार करणार आहोत. तो काम कसे करतो, झिजतो कसा, खरोखरच तो गेला आहे हे ओळखायचे कसे आणि बदलायचा तर कोणत्या क्रमाने बदलायचा, हे आपण पाहू.

उदाहरणासाठी एक इंग्रजी गाडी घेऊ. तिचे नाव एम. जी. बी. ही दोन माणसांची, ठेंगणी, वाऱ्यावर धावणारी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. या घराण्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेत गेल्या. १९८० साली तो कारखाना बंद झाला, पण गाड्या मेल्या नाहीत. हौशी माणसे आजही त्या जपतात आणि सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून स्वतःच दुरुस्त करतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात ट्रॅक्टर, फार तर जीप. या साहेबी गाडीचे आम्हाला काय? तर संबंध आहे, आणि जवळचा आहे. आपली अँबॅसडर मोटार ज्या १४८९ सी. सी. इंजिनावर वर्षानुवर्षे धावली, ते इंजिन आणि या एम. जी. बी.चे १७९८ सी. सी.चे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे. या गाडीचा स्टार्टर बर्मिंगहॅमच्या ल्युकास कंपनीचा. त्याच ल्युकासच्या भागीदारीत १९६१ साली मद्रासेत ल्युकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली आणि तिचे स्टार्टर आपल्याकडच्या ट्रॅक्टरांवर बसत आले आहेत. आणखी एक सोय म्हणजे जुनी गाडी मोकळीढाकळी असते. झाकण उघडले की कोणती तार कोठून कोठे जाते हे डोळ्यांना दिसते. शिकायला असे यंत्र बरे.

आधी स्टार्टर नव्हता तेव्हा काय होते ते आठवा. पुढून लोखंडी हँडल घालायचे आणि इंजिन हाताने फिरवायचे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींनी जीपला आणि मालट्रकला हँडल मारलेले आहे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या समोर आणायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा धडा त्यांना पहिल्या दिवशी मिळालेला असतो. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मागे फिरते आणि अंगठा, मनगट मोडते. या त्रासातून माणसाला सोडवले ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. १९११ साली ओहायो राज्यातील डेटन या गावी त्याने विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर तो बसला.

केटरिंगची अडचण समजून घेण्यासारखी आहे. इंजिन फिरवायला जोर फार लागतो, म्हणजे विजेची मोटार मोठी हवी. मोठी मोटार, तिला मोठी बॅटरी. मग गाडीत माणसे बसायची कोठे? परंतु केटरिंगने त्यापूर्वी दुकानातल्या पैसे मोजण्याच्या यंत्रासाठी एक लहानशी विजेची मोटार केली होती. ती क्षणभर जोर लावून गल्ला उघडत असे आणि पुन्हा स्वस्थ बसत असे. त्याने ओळखले, की मोटारीचा स्टार्टरही असाच क्षणभराचा कामकरी आहे. दिवसभर राबणाऱ्या मोटारीवर एवढा भार टाकला तर ती जळेल. पण पाच-दहा सेकंदच राबायचे असेल, तर लहान मोटारही आपल्या कुवतीच्या कितीतरी पट जोर लावू शकते.

श्रोतेहो, ही एक गोष्ट मनात पक्की धरा. स्टार्टर हा सेकंदांचा धनी आहे. त्या थोड्या सेकंदांत त्याला वीज भरपूर हवी, आणि काम झाले की विश्रांती हवी. तो बिघडतो तो बहुधा या दोहोंपैकी एक न मिळाल्यामुळे.

भरपूर म्हणजे किती? हिशेब करू. असे इंजिन फिरवताना स्टार्टर साधारण दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो, आणि फिरू न देता तो जखडून धरला तर हा आकडा चारशेच्या वर जातो. २०० अँपिअर आणि १० व्होल्ट यांचा गुणाकार केला की २००० वॅट होतात. विहिरीवरच्या तीन अश्वशक्तीच्या मोटारीच्या जवळपास हे काम झाले, आणि ते कोण करते, तर सात-आठ किलोंचे एक नळकांडे! म्हणूनच स्टार्टरला जाणारी तार बोटाएवढी जाड असते.

आता या नळकांड्याच्या आत डोकावू. बाहेरच्या लोखंडी घराला आतून चार चुंबक-ध्रुव असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या पट्टीचे वेढे असतात. याला फील्ड म्हणतात. मध्ये फिरतो तो आर्मेचर. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या फाकांचे कडे असते, तो कम्युटेटर. त्याच्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले चार कार्बन असतात. हे कार्बन फिरत्या आर्मेचरला वीज पोचवतात, घासतात आणि झिजतात. आधी फील्ड आणि मग आर्मेचर अशी वीज एकामागून एक जाते, म्हणून या मोटारीला सीरिज मोटार म्हणतात. हिचा गुण असा, की जागच्या जागी उभी असताना तिचा जोर सर्वांत जास्त असतो. स्टार्टरला नेमके हेच हवे असते.

शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी एक गंमत येथे आहे. बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या तरी ही सीरिज मोटार त्याच दिशेने फिरते. कारण फील्डमधला प्रवाह उलटतो आणि आर्मेचरमधलाही उलटतो. दोन उलट मिळून एक सुलट होते. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी.मध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, नंतर ऋण टोक जोडू लागले. जुन्या ल्युकास स्टार्टरला त्याने काही फरक पडत नाही. परंतु आजकाल जे लहान, हलके स्टार्टर मिळतात, त्यांतल्या काहींत फील्डच्या वेढ्यांऐवजी कायमचे चुंबक असतात. त्यांची दिशा मात्र तारा उलटल्या की उलटते. धन-अर्थच्या गाडीसाठी असा स्टार्टर घेताना विचारूनच घ्यावा.

मोटार फिरली, पण तिने इंजिनाला फिरवायचे कसे? इंजिनाच्या मागच्या बाजूला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते आणि त्याच्या कडेला शंभराहून अधिक दात्यांची पोलादी कडी बसवलेली असते. स्टार्टरच्या टोकाला नऊ-दहा दात्यांचे छोटे चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. पिनियन दहा-अकरा वेळा फिरते तेव्हा फ्लायव्हील एकदा फिरते. त्यामुळे जोर तितक्या पटीने वाढतो. पण इंजिन चालू झाल्यावर हे दाते सुटले पाहिजेत. नाही तर इंजिन उलट स्टार्टरलाच गरगरा फिरवील आणि त्याच्या चिंध्या होतील.

ही सोय दोन प्रकारांनी करतात. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी.मध्ये जुना, जडत्वाचा प्रकार होता. पिनियन एका जाड आट्यांच्या दांड्यावर सैल बसवलेले असते. एस. टी. एकदम सुरू झाली की उभे प्रवासी मागे कलंडतात ना, तसे आर्मेचर एकदम फिरू लागले की पिनियन मागे रेंगाळते. आट्यांवरून ते सरकते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन अडकते. इंजिन सुरू झाले की तेच आटे त्याला परत ढकलून देतात. दुसरा प्रकार नंतरच्या गाड्यांत आला. त्यात सोलेनॉइड म्हणजे विद्युत्-चुंबक आधी पिनियनला हळूच पुढे सारतो, दाते जुळतात आणि मगच मुख्य प्रवाह सुरू होतो. शिवाय सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एका दिशेची पकड असते. या दोन प्रकारांची सरळ अदलाबदल होत नाही. म्हणून नवा भाग मागवताना गाडीचे साल सांगावे आणि जुना स्टार्टर नव्याच्या शेजारी ठेवून पिनियनचे दाते मोजून पाहावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्टार्टर बदलणे अवघड नाही. दोन बोल्ट आणि एक तार एवढेच काम आहे. अवघड आहे ते दोष स्टार्टरचाच आहे हे ठरवणे. पुष्कळ चांगले स्टार्टर उगाचच मोडीत जातात, आणि नवा बसवल्यावरही गाडी ‘टक्’ करून गप्प बसते. पैसे जातात, दिवस जातो, आणि दोष जागच्या जागी राहतो.

तो का सापडत नाही? शेतातल्या पाटाचे उदाहरण घ्या. विहिरीला पाणी आहे, पण पाटात एके ठिकाणी गवत माजले आहे. बारीक धार सोडली तर ती गवतातून झिरपत शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. तुम्ही म्हणता, पाट मोकळा आहे. पण पूर्ण पाणी सोडले की त्याच जागी तुंबारा होतो. विजेचेही असेच आहे. बॅटरीच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशी साठली आणि तेथे एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा झाला असे समजा. दोन अँपिअरचा दिवा लावला तर तेथे ०.०२ व्होल्टच खर्च होतील आणि दिवा लख्ख पेटेल. पण स्टार्टरने २०० अँपिअर मागितले की त्याच सांध्यावर २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे ‘दिवा लागतो आहे, तेव्हा तारा ठीक आहेत’ हे म्हणणे खरे नव्हे. पाटाची परीक्षा पूर्ण पाण्यानेच करायची.

या हिशेबातून एक बिनखर्चाची परीक्षा हाती येते. २ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ४०० वॅट. एवढी उष्णता त्या एवढ्याशा सांध्यात निर्माण होते. तेव्हा काही सेकंद स्टार्टर मारून पाहावा, चावी बंद करावी आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतचा प्रत्येक सांधा बोटाने हळूच चाचपून पाहावा. जो गरम लागेल तो चोर. आधी बोट जवळ नेऊन धग लागते का पाहावे, एकदम दाबू नये.

परतीची वाटही विसरू नये. स्टार्टरमधून गेलेली वीज इंजिनाच्या लोखंडातून आणि तेथून एका विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने गाडीच्या सांगाड्याला येते आणि मग बॅटरीला मिळते. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणून हा पट्टा लागतो. तो तुटला तर वीज दुसरी वाट शोधते. चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून ती जाऊ लागते आणि ती तार तापून धूर येतो. चावी फिरवल्यावर चोकची तार तापली, तर दोष अर्थच्या पट्ट्यात आहे हे नक्की समजावे.

१९७४ पर्यंतच्या एम. जी. बी.त आणखी एक खोच आहे. त्या गाड्यांत १२ व्होल्टची एक बॅटरी नसून ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, आणि त्या बैठकीच्या मागे खालच्या खणांत बसवलेल्या असत. जागा अडचणीची, नजरेआड असलेली. तेथे पाणी आणि धूळ साठते. शिवाय दोन बॅटऱ्या म्हणजे बैलजोडी झाली. एक बैल लंगडा असला की दुसऱ्याच्या जोराचा उपयोग होत नाही. दोहोंची परीक्षा वेगवेगळी करावी.

आता क्रमाने निदान करू. संध्याकाळच्या वेळी गाडी भिंतीसमोर उभी करा, पुढचे दिवे लावा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले आणि स्टार्टर कण्हत फिरला, तर बॅटरी दुबळी आहे, नाही तर आतले आर्मेचर जखडते आहे. दिवे पार विझले, तर बॅटरीच्या टोकांचा सांधा खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि नुसते ‘टक्’ झाले, तर वीज स्टार्टरमधून जातच नाही. सोलेनॉइडचे आतले संपर्क जळले असतील किंवा कार्बन झिजून कम्युटेटरपासून सुटले असतील. आणि स्टार्टर मोकळाच ‘सूंऽऽ’ करून फिरला, इंजिन हलले नाही, तर पिनियन पुढे सरकत नाही.

व्होल्टमीटर जवळ असेल तर काम आणखी सोपे. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कॉइलची जाड तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणाला तरी चावी धरायला सांगा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीवर साडेनऊपेक्षा कमी व्होल्ट आले, तर आधी बॅटरी पाहावी. बॅटरीवर साडेदहा आणि स्टार्टरच्या टोकाशी आठ असे आले, तर मधली वाट खराब आहे. दोन्हीकडे पुरेसे व्होल्ट आहेत, अर्थही ठीक आहे आणि तरी स्टार्टर हलत नाही, तेव्हाच त्याला दोषी धरावे.

कधी कधी जुन्या प्रकारात पिनियन दात्यांत अडकून बसते. तेव्हा चावी बंद करावी, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून पुढे-मागे हलवावी. आर्मेचरच्या दांड्याला मागच्या टोकाला चौकोनी शेंडी असते. ती पान्याने फिरवूनही पिनियन सुटते. तेवढ्याने काम झाले तर स्टार्टर उतरवायचे कारण नाही.

उतरवायचाच ठरला, तर पहिले काम बॅटरीची तार काढणे. कोणती आधी? ‘ऋण आधी’ असे सगळे म्हणतात. पण जुन्या एम. जी. बी.त धन टोक सांगाड्याला असते, तेव्हा पाठ केलेला नियम येथे फसवतो. खरा नियम असा, की सांगाड्याला जोडलेली तार आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. कारण सोपे आहे. दुसरी तार काढताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातून शेकडो अँपिअर धावतात, पाना लालबुंद होतो आणि बॅटरी फुटूही शकते. सांगाड्याची तार आधीच काढलेली असेल तर वाटच बंद असते. हातातली अंगठी, मनगटातले कडे आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

दुसरे म्हणजे गाडी उचलणे. जमीन सपाट व टणक असावी, चाकांना पुढे-मागे दगड लावावेत, जॅकने गाडी उचलावी आणि पक्क्या लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. विटांचा ढीगही नको, वीट एकाएकी फुटते. स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे, आपण खाली असताना नको.

एम. जी. बी.चा स्टार्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, खाली असतो. त्याच बाजूला तेलाचा फिल्टर आणि डिस्ट्रिब्यूटर आहे. उजव्या हाताने चालवायच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडाही तेथूनच जातो. म्हणजे खोली एक आणि पाहुणे चार. वरच्या बोल्टाला हात पोचत नसेल तर फिल्टर काढून घ्यावा. डिस्ट्रिब्यूटर काढायचा झाल्यास त्याची पकडपट्टी सैल न करता, पट्टीसकट दोन स्क्रू काढून उचलावा, म्हणजे ठिणगीची वेळ बदलत नाही. बोल्ट इंची मापाचे आहेत, त्यांना इंचीच पाने लागतात. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा पाना बसत नाही, १५ चा सैल होतो आणि बोल्टाची डोकी गोल करून ठेवतो. स्टार्टरची जाड तार सोडवावी, खालचा बोल्ट काढावा, मग एका हाताने स्टार्टरला आधार देऊन वरचा काढावा. पिनियन घरातून बाहेर येईपर्यंत स्टार्टर पुढे ओढावा आणि मग जागा पाहून सोडवून घ्यावा. नळकांडे लहान दिसले तरी तोंडावर पडले तर दात जातील, हे लक्षात असू द्यावे.

जुना स्टार्टर हातात आला की फेकायची घाई करू नये. कार्बन पाहावेत, ५/१६ इंचापेक्षा म्हणजे सुमारे ८ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर बदलावेत. कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा. खरबरीत असेल तर बारीक काचकागद फिरवावा. एमरी वापरू नये, तिचे कण फाकांत अडकून वीज चोरतात. दांडा बाजूला हलवून पाहावा. खडखड वाटली तर पितळी बुश झिजले आहेत आणि आर्मेचर ध्रुवांना घासतो आहे. नवे बुश बसवण्यापूर्वी चोवीस तास पातळ इंजिन-तेलात भिजत ठेवतात, कारण ते सच्छिद्र असतात आणि पुढे तेच तेल त्यांना पुरते. जुन्या प्रकारचे पिनियन अडकत असेल तर त्याचे आटे रॉकेलने धुऊन कोरडे ठेवावेत. तेल लावायचा मोह आवरावा. तेलावर क्लचची धूळ बसते आणि चिखल होतो. एवढे केल्यावर निम्म्या स्टार्टरांना पुनर्जन्म मिळेल, असे मी म्हणणार नाही. पण नवा घेण्यापूर्वी जुन्याची चौकशी करणे हा शहाणपणा आहे.

स्टार्टर बाहेर असताना आणखी एक गोष्ट पाहायला विसरू नये, आणि ती म्हणजे फ्लायव्हीलची कडी. हाताने इंजिन हळूहळू फिरवत भोकातून सगळे दाते पाहावेत. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दाबाच्या अडथळ्यामुळे बहुधा दोनच ठिकाणी थांबते, आणि ती ठिकाणे समोरासमोर असतात. म्हणून दाते त्या दोन जागीच झिजतात. तेथले दाते खाल्लेले असतील, तर नवा स्टार्टर त्यांच्यावर चढून घसरेल आणि त्याचेही दाते खाईल. एकाच्या झिजेने दुसरा झिजतो. तेव्हा नवा भाग बसवण्यापूर्वी शेजारचा पाहावा, हा नियम सर्वच यंत्रांना लागू आहे.

बसवताना इंजिनाची आणि स्टार्टरची एकमेकांना टेकणारी तोंडे घासून स्वच्छ करावीत. तेथे रंग किंवा गंज नको, कारण स्टार्टरची अर्थ त्या धातूतूनच जाते. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी फिरवून लावावेत, मग पान्याने आवळावेत. जाड तारेची नट आवळताना आतला खिळा फिरू देऊ नये, नाही तर आतला जोड तुटतो. तार स्टिअरिंगच्या दांड्याला घासणार नाही अशी बांधावी. शेवटी सांगाड्याची तार बॅटरीला लावावी, गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे पाहावे, आणि मग चावी फिरवावी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इंजिन घेतले नाही तर थांबावे, स्टार्टरला निवू द्यावे, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा चावी मारू नये.

आता जाता जाता एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ट्रॅक्टरवाल्यांनी विशेष ऐकावी. चावीने स्टार्टर लागला नाही की काही जण खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोके जोडतात. ठिणगी उडते आणि इंजिन सुरू होते. युक्ती दिसते झकास. पण असे करताना न्यूट्रल आणि क्लच पाहणारी सुरक्षिततेची तार आपण बाजूला टाकलेली असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो त्याच क्षणी पुढे झेपावतो. मोठे चाक कोणाच्या शेजारी असते? स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्याच्या. त्याला सरकायला वेळही मिळत नाही. अशा रीतीने माणसे आपल्याच ट्रॅक्टरखाली गेली आहेत. पन्नास रुपयांच्या तारेचा किंवा स्विचचा दोष शोधण्याचा कंटाळा केला, आणि त्याची किंमत घराने मोजली. एम. जी. बी.सारखी लहान गाडी असो की ट्रॅक्टर, चालवणाऱ्याच्या जागी बसूनच यंत्र सुरू करावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. ओहमचा नियम फळ्यावर लिहिताना मुलांना हा ०.०१ ओहमचा हिशेब जरूर घालावा. एकदा दोन अँपिअर धरून, एकदा दोनशे धरून. मग वर्ग घेऊन एखाद्या ट्रॅक्टरपाशी जावे, इंजिन बंद असताना जाड तार कोठून निघते आणि कोठे संपते ते बोट दाखवून विचारावे, आणि परतीची वाट कोणती हेही विचारावे. बहुतेक मुले जाण्याची वाट सांगतील. परतीची वाट जो सांगेल, त्याला विजेचे मंडळ समजले असे खुशाल मानावे. आणि उद्या घरचा ट्रॅक्टर ‘टक्’ करून थांबला, तर त्यालाच आधी बॅटरीची टोके पाहायला सांगावे.